निजलेलं खातं

"...पण बाबा, मठ तुमचा, कॉम्प्युटरही तुमचा. मग परवानगी कोणाची मागता?"

यशोधन हसत विचारत होता. पडद्यावर एक चौकट उघडली होती. नवा प्रोग्राम बसवायचा असेल तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्या, असं ती म्हणत होती.

भास्करबाबांनी शांतपणे पासवर्ड दिला. चौकट मिटली.

आंबा नदीकाठच्या या लहानशा मठात येण्याआधी बाबा तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवत. यशोधन तेव्हाचा त्यांचा विद्यार्थी. वर्गात सगळ्यांत हुशार, आणि ही गोष्ट सगळ्यांत आधी त्याला स्वतःलाच कळलेली. आता तो रोह्याला राहायचा आणि सुट्टी मिळाली की मठात यायचा. शिकायला येतो असं म्हणायचा, पण बहुतेक वेळ सांगण्यातच जायचा.

"माझ्या घरी असली कटकट नाही," तो म्हणाला. "यंत्राबरोबरच जन्माला आलेलं एक खातं असतं ना, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर? कंपनी ते निजवून पाठवते. मी जागं केलं. त्याच खात्यातून सगळं चालवतो. त्याला कुठे मज्जाव नाही, कुठे विचारणा नाही. म्हणू ते होतं!"

"घरात आणखी कोण?"

"शर्वाणी. माझी बायको."

"ती काय करते?"

"कातकरी बोलीचा शब्दकोश. वर्षानुवर्षं वाड्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायकांना बोलतं करते, त्यांचे आवाज भरून आणते. त्यातल्या काही जणी तर आता राहिल्याही नाहीत."

"ते आवाज कुठे आहेत?"

"त्याच कॉम्प्युटरवर. माझ्याच खात्यात. मीच सांभाळतो सगळं."

बाबांनी कॉम्प्युटर बंद केला.

मग उठले. "घसा सुकलाय," म्हणाले आणि माजघरातून स्वयंपाकघराकडे निघाले. यशोधन मागोमाग गेला.

दार उघडंच होतं. माठ समोर दिसत होता, आत मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या द्वारकाबाई होत्या. बाबा उंबऱ्याबाहेर थांबले.

"द्वारकाबाई, येऊ का आत?"

"थांबा, बाबा! भुई सारवलीय. ओली आहे अजून."

बाबा थांबले. खांबाला टेकून, हात मागे बांधून उभे राहिले. पाणी दहा पावलांवर, आणि मठाधिपती दारात उभे.

यशोधनला राहवलं नाही. "तुम्हाला इथे कोण अडवणार आहे?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "म्हणून तर विचारलं."

यशोधनला ते पटलं नाही.

निघताना तो पाया पडला, तेव्हा बाबांनी सांगितलं, "घरी गेलास की ते खातं परत निजव. नवं बसवायला, मोडलेलं दुरुस्त करायला एक वेगळं अ‍ॅडमिन खातं ठेव, पासवर्ड लावून. तुला एक साधं खातं. बाईंना त्यांचं स्वतःचं. त्यांची पुंजी त्यांच्या खात्यात."

"आणि पासवर्ड?"

"अ‍ॅडमिनचा आणि त्यांच्या खात्याचा, दोन्ही बाईंना ठरवू देत."

"ते मलाही ठाऊक नकोत?"

"नकोत."

"मग माझ्या हातात काय राहील?"

बाबांनी त्याचा उजवा हात उचलला, तळवा उघडला, आणि त्यात काहीही न ठेवता तसाच सोडून दिला.

*

घरी परतल्यावर त्याने सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, पण तोंड पाडून. शर्वाणीला आधी खरंच वाटेना.

"तू? तू माझ्याकडे पासवर्ड मागणार?"

"बाबांनी सांगितलंय."

"बाबांचं भलं होवो," ती म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी तिने आपले सगळे शब्द, सगळे आवाज आपल्या खात्यात हलवले.

पुढचे दिवस यशोधनला जड गेले. प्रिंटर जोडायचा, विचारा. कॉम्प्युटरचं घड्याळ बदलायचं, विचारा. "शर्वाणी, जरा येतेस का?" हे वाक्य त्याच्या तोंडी इतकं आलं की शेजारच्या जोशीकाकू हसायला लागल्या. घर त्याचं, यंत्र त्याच्या आवडीचं, आणि तो मात्र त्यात पाहुण्यासारखा. कितीदा तरी वाटलं, निजलेलं ते खातं उठवण्याचा काहीतरी मार्ग शोधावा. मार्ग त्याला सापडलाही असता.

पण डोळ्यांसमोर उंबऱ्याबाहेर उभे असलेले बाबा यायचे, आणि तो चडफडत गप्प बसायचा.

एका दुपारी शर्वाणी वाडीवर गेली होती. यशोधनला जुने फोटो उजळायचे होते. कुठूनशी आलेल्या मेलमध्ये एक फुकटचा प्रोग्राम होता. त्याने तो उघडला.

चौकट आली. अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्या.

"झालं सुरू!" तो वैतागला. शर्वाणीला फोन लावला, तर वाडीवर रेंज नाही. त्याने रागारागाने चौकट बंद केली आणि चहा टाकायला गेला.

परत आला तर फोटोंची नावं बदलली होती. अर्थ नसलेली, वेडीवाकडी अक्षरं. त्याच्या डोळ्यांदेखत आणखी एक नाव बदललं. मग आणखी एक. मग पडद्यावर एक धमकी उमटली: तुमचं सगळं आता आमच्या कुलपात आहे.

त्याने नेटची वायर उपटली. बटण दाबून यंत्र बंद केलं. आवाजांची प्रत ठेवलेली डिस्क यंत्राला जोडलेलीच होती, म्हणजे तीही गेली असणार. फोटोंचं त्याला काही वाटलं नाही. एकच विचार डोक्यात घुमत होता... बुधीबाई.

बुधीबाई ही शर्वाणीची सगळ्यांत आवडती म्हातारी. गेल्या उन्हाळ्यात ती वारली. तिचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

शर्वाणी आली तेव्हा तो अंधारलेल्या पडद्यासमोर बसून होता.

"काय झालं?"

त्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. ती खुर्चीवर बसली, नेटची वायर बाहेरच राहू दिली, यंत्र सुरू केलं आणि आपल्या खात्याचा पासवर्ड दिला.

खातं उघडलं.

यशोधनने डोळे मिटून घेतले...

आधी खरखर ऐकू आली. मागे कुठेतरी कोंबडा आरवला. आणि मग बुधीबाई हसली. मोकळं, दात नसलेलं, पोटातून आलेलं हसू. हसता हसता ती आपल्या बोलीत म्हणाली की थांब गं पोरी, आणखी एक शब्द आठवला.

शर्वाणीने दुसरी फाइल लावली. मग तिसरी. सगळे आवाज जागेवर होते. सगळे शब्द जागेवर होते. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मिळाला नाही तरी उघडलेला तो प्रोग्राम यशोधनच्या खात्यात शिरला, यशोधनला जिथे हात घालता येत होता तिथे त्याने हात घातला, आणि शर्वाणीच्या दाराशी येऊन थांबला. यशोधनलाच तिथे शिरता येत नव्हतं, तर त्याला कुठून येणार?

शर्वाणी उठली आणि नवऱ्याच्या गळ्यात पडली. दोघंही रडत होते, आणि बुधीबाई हसतच होती.

*

शब्दकोश छापून झाला. प्रकाशन शहरातल्या सभागृहात करा असं पुष्कळांनी सुचवलं. शर्वाणी ऐकेना. तिने ते वाडीवरच केलं, चिंचेखाली, भल्या सकाळी.

भाषणं झाली नाहीत. झाडाला कर्णा बांधला होता. त्यातून एकेक म्हातारी बोलू लागली. जिवंत होत्या त्या पदर तोंडाला लावून आपलाच आवाज ऐकत लाजत होत्या. बुधीबाईचं हसू कर्ण्यातून फुटलं तेव्हा तिची नात उभी राहिली, "आजी!" म्हणून ओरडली आणि नाचायलाच लागली. मग कोणीतरी ढोल आणला. सगळी वाडी उठली.

भास्करबाबा मागे, बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसले होते. यशोधन गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेला आणि पायांवर डोकं ठेवलं.

"वाचलं, बाबा. सगळं वाचलं!"

"कोणी वाचवलं?"

यशोधनने मान वर केली. ढोल वाजत होता. समोर शर्वाणी म्हाताऱ्यांच्या हातात हात गुंफून फेर धरत होती.

"मी नाही, बाबा," तो म्हणाला. "मला तर काहीच करता येत नव्हतं."

बाबा मोठ्याने हसले. त्यांनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"मग तूच!"