दोन काठांच्या मधली जागा

एका राज्यात नदी अगदी मधोमध वाहत होती, आणि त्या राज्याचे सारे मोठे निर्णय नदीच्या काठांवर होत. त्या रीतीला काठकौल म्हणत. राजाने प्रश्न विचारायचा. 'हो' म्हणणाऱ्यांनी पूर्वेच्या काठी उभं राहायचं, 'नाही' म्हणणाऱ्यांनी पश्चिमेच्या. एक दिवस पूर्वेने बोलायचं आणि पश्चिमेने ऐकायचं, दुसऱ्या दिवशी पश्चिमेने बोलायचं आणि पूर्वेने ऐकायचं. ज्याला पटेल त्याने होड्यांच्या पुलावरून काठ बदलायचा, आणि तिसऱ्या दिवशी डोकी मोजायची. ऐकल्यावाचून मोजणी नाही, असा कायदा दगडात कोरून ठेवला होता. त्या दगडावर आता बोटभर शेवाळ चढलं होतं, ही गोष्ट वेगळी.

हे राज्य सप्तमेळात होतं. त्या नदीवरच्या सात राज्यांनी शंभर वर्षांपूर्वी हातावर पाणी सोडून हा मेळ केला होता. साती राज्यांचे घाट एकमेकांच्या मालाला मोकळे, साती राज्यांना कायदा एक, आणि साती राज्यांच्या होड्या एकाच मापाच्या. यंदा मेळाची मुदत संपत होती. बाकीच्या सहा राजांनी निरोप धाडला, "पुढची शंभर वर्षं राहता की निघता? सातव्या दिवशी, सूर्य डोक्यावर येईल तेव्हा आमचे दूत येतील. एकमुखी उत्तर तयार ठेवा."

राजा मेघपालाने काठकौल पुकारला. प्रश्न होता, मेळात राहायचं का? आणि राज्यात घरोघरी वाद पेटले.

त्यातलंच एक घर लवंगिकेचं. लवंगिका शिडं शिवणारी. तिचं चिवट सूत वरच्या राज्यातून यायचं. मेळ तुटला तर ते सूत येईल की नाही, या घोराने तिला घास गोड लागेना. तिचा नवरा शंखपाल होड्या बांधणारा. त्याच्या आजोबांची होडी एका अखंड खोडातून कोरलेली असे, पण मेळाने होड्यांचं माप कडक केलं तेव्हा ती त्यात बसेना, म्हणून चाळीस वर्षांत तशी होडी कुणी पाण्यात घातली नव्हती. तिला राहायचं होतं, त्याला निघायचं होतं. लवंगिका मनाची मोठी, हाताची उदार, पण समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत दम धरणं तिला जन्मात जमलं नव्हतं. सकाळी भाकरी थापता थापता शब्दाला शब्द लागला. ती तणतणत पूर्वेच्या काठी गेली, तो मुकाट पश्चिमेच्या काठी गेला.

पहिल्या दिवशी पूर्वेने बोलायचं होतं. पण पश्चिमेला धीर कुठला? दोन्ही काठ एकदम बोलू लागले. तिन्ही दिवस तेच. मासे तळाशी जाऊन बसले, झाडांवरचे पक्षी गाव सोडून गेले, आणि राजा मेघपालाचं डोकं असं ठणकू लागलं की त्याने मुकुट काढून ओला पंचा बांधला.

तेव्हा दरबारात मूकांजन मांत्रिक आला. अंगाने काटकुळा, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे.

"महाराज, एका काठाचा आवाज दुसऱ्या काठाला ऐकू जाणार नाही, असं करून देतो."

"बदल्यात काय घेशील?"

"दोन काठांच्या मध्ये जे काही असेल ते माझं. सातव्या दिवशी सूर्य मावळला की कायमचं माझं."

मध्ये आहे काय, तर पाणी! राजाला स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं. त्याने वचन दिलं, आणि त्याच क्षणी सारं शांत झालं. राजा गाढ झोपी गेला. भल्या माणसांच्या हातून चुका होतात त्या अशा थकलेल्या वेळीच.

चौथ्या दिवशी लवंगिका पाहते तर नदी दुप्पट रुंद. होड्यांचा पूल दोरासारखा तुटलेला. पलीकडे शंखपाल उभा, त्याचं तोंड हलताना दिसतंय, पण शब्द नाही. पाचव्या दिवशी तो बोटाएवढा दिसला. सहाव्या दिवशी पश्चिमेचा काठ म्हणजे नुसती एक रेघ उरली. मांत्रिकाची मिळकत वाढत चालली होती! दोन काठ जितके गप्प, तितकी त्यांच्यामधली जागा मोठी. सातव्या दिवशी सूर्य मावळला की ती रेघही बुडणार, हे कळायला ज्योतिषी नको होता. लवंगिका पाण्याच्या कडेला धावली. नवऱ्यावर राग होता तो होताच, पण भांडायला तो समोर तर हवा!

तेवढ्यात धापा टाकत एक साळुंकी तिच्या खांद्यावर येऊन बसली. ही त्यांच्याच घरातली, पंधरा वर्षं दोघांची भांडणं ऐकून बोलायला शिकलेली.

"मेले गं बाई, दमले!" साळुंकी म्हणाली. "धन्याने तुझ्यासाठी निरोप दिला होता. अर्ध्या वाटेवर चोचीतून गळून पडला."

"कुठे पडला?"

"नदी रुंदावली तसं मधोमध एक बेट वर आलंय, त्यावर. तिथे मूकांजन राहतो. तीन रांजण ठेवलेत त्याने. दोन्ही काठांचे शब्द त्यात पडतात."

"मग चल!"

पण जायचं कसं? होड्या बांधणारे सगळे पश्चिमेला, त्यामुळे झाडून सगळ्या होड्या पश्चिमेला. शिडं शिवणाऱ्या सगळ्या पूर्वेला, त्यामुळे शिडं तेवढी पूर्वेला. इकडे शिडांचे डोंगर, तिकडे होड्यांच्या रांगा, आणि कुणाचंच पाऊल पाण्यात पडेना. लवंगिकेने पदर खोचला. गुऱ्हाळातली गुळाची काहील पाण्यात लोटली, मधोमध उसाची मोळी बांधून तिची डोलकाठी केली, तिच्यावर आपलं सगळ्यात मोठं शीड चढवलं आणि काहिलीत उडी मारली. वारा आला. काहील गरागरा फिरली आणि सुसाट निघाली. काठावरच्या बायका ओरडल्या, "अगं, बुडशील!" लवंगिका ओरडली, "बुडाले तर बुडाले!" साळुंकीने डोळे मिटून घेतले.

सातव्या दिवशी उजाडता उजाडता काहील बेटाला लागली. बेटावर ना झाड ना पान. पांढरी वाळू, माणसाएवढे तीन सोन्याचे रांजण, आणि शेजारी मूकांजन. काटकुळा मूकांजन आता ताडासारखा उंच झाला होता.

"का आलीस, बाई?"

"शब्द न्यायला."

"तीन रांजण आहेत. प्रत्येकातलं सगळं ऐकून घ्यायचं, मग शब्द मोकळे. ऐकताना एक अक्षर जरी बोललीस, तर इथल्या वाळूत आणखी एका मुठीची भर. ही वाळू दिसते ना? ही सगळी आजवर गावोगावी मध्ये बोललेली माणसं, जिथे जाईन तिथे मी ती बरोबर नेतो."

लवंगिकेने पायाखाली पाहिलं आणि एक पाय उचलून घेतला. मग म्हणाली, "झाकण काढ."

पहिल्या रांजणात पश्चिमेच्या काठाचे शब्द होते. ते घोंगावत बाहेर आले. "पूर्वेच्या बायका परक्यांच्या सुतावर जगतात!" "त्यांना कणा नाही!" लवंगिकेचे कान तापले. "ते सूत तर आपल्या राज्यातही निघतं," असं कुणीतरी ठणकावून सांगितलं. साफ खोटं! तिने वीस वर्षं त्याच सुताने शिडं शिवली होती, तिला ठाऊक नाही? उत्तर जिभेच्या टोकाशी आलं, दातांवर आपटलं, परत गेलं. तिने दोन्ही मुठी आवळल्या. आणि मग त्याच गर्दीतून शंखपालाचा आवाज आला. सावकाश, नेहमीसारखा. "माझ्या हातांना ती होडी येते. चाळीस वर्षं ती माझ्या हातांत नुसती पडून आहे. घरात हे सांगायला गेलो की अर्ध्यावर राहतं." रांजण रिकामा झाला.

दुसऱ्या रांजणात काय असेल, असं तिला वाटत होतं? त्यात तिच्याच काठाचे शब्द होते. पलीकडे जसे ऐकू जातात तसे. "अडाणी सुतार!" "लाकडाच्या ठोकळ्यासाठी राज्य बुडवायला निघालेत!" हे ओरडताना तीही टाळ्या वाजवत होती. आणि शेवटी भाकरीच्या परातीपाशी बोललेला तिचा स्वतःचा आवाज आला, स्वच्छ, धारदार. "तुमच्या आजोबांच्या होडीतून परत आलेलं माणूस कुणी पाहिलंय का?" शंखपालाचे आजोबा महापुरात माणसं काढायला गेले होते. अकरा जणांना काठाला लावून बाराव्यासाठी परत फिरले, ते आलेच नाहीत. लवंगिकेला हे माहीत होतं. बोलतानाही माहीत होतं. आता ती क्षमा मागायला तडफडत होती, आणि क्षमेलाही अक्षरं लागतात. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. रडायला बंदी नव्हती.

मूकांजनाच्या कपाळावर घाम दिसू लागला. त्याने तिसरं झाकण काढलं.

या रांजणातले शब्द हळू होते. शांतता पडल्यावर, कुणी ऐकत नाही असं समजून माणसं जे बोलली ते हे. "माझा बैल पलीकडे राहिला, त्याला पाणी कोण पाजत असेल?" "मी आपली जावेबरोबर इकडे आले. मला यातलं काही कळत नाही." "निघाल्यावर काय होईल, याची मलाही भीती वाटते." आणि सगळ्यात शेवटी साळुंकीच्या चोचीतून गळलेला निरोप. "लवंगिके, जेवलीस का?"

तिचं तोंड आपोआप उघडलं. पंधरा वर्षं रोज या प्रश्नाला तिने उत्तर दिलं होतं! "लवंगिके, जेवलीस का?" आवाज पुन्हा आला. शिव्या गिळल्या, खोटं गिळलं, स्वतःची लाज गिळली, पण हे कसं गिळावं? "लवंगिके..." तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि वाळूत गुडघे टेकले. आवाज विरला. रांजणाचा तळ दिसला.

तड! तड! तड! तिन्ही रांजण तडकले आणि त्यांच्याबरोबर मूकांजनाचा करारही मोडला. शब्दांचे थवेच्या थवे आकाशात उठले आणि आपापल्या काठाकडे धावले. पूर्वेला पश्चिमेचं सगळं ऐकू आलं, पश्चिमेला पूर्वेचं, आणि जो तो आपलंच बोलणं ऐकून खाली पाहू लागला. तशी नदी आकसू लागली. रेघेचा काठ झाला, काठावर घरं दिसू लागली, घरांसमोर माणसं. बेटाच्या वाळूतून माणसं उठून अंग झटकू लागली. शंखपाल नजरेच्या टप्प्यात येताच लवंगिकेने तोंडातला पदर काढला आणि साऱ्या राज्याला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "नाही जेवले! तुम्ही?"

"मीही नाही!" पलीकडून उत्तर आलं. दोन्ही काठ खदखदून हसले.

मूकांजन पुन्हा काटकुळा झाला होता आणि पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत आलं होतं.

"बाई, मला पोहता येत नाही."

"बसा काहिलीत," लवंगिका म्हणाली. बाकीच्यांना न्यायला पश्चिमेच्या होड्या निघाल्याच होत्या.

ऐकणं झालं होतं, म्हणून मोजणी झाली. होड्यांचा पूल पुन्हा बांधला. कुणी इकडचं तिकडे गेलं, कुणी तिकडचं इकडे आलं. लवंगिका पूर्वेलाच उभी राहिली, शंखपाल पश्चिमेलाच. सूर्य डोक्यावर आला तेव्हा राजाने निकाल सांगितला. पश्चिमेला सतरा डोकी जास्त. राज्य मेळातून निघणार.

सहा दूतांनी मान लववली. "घाट बंद होणार नाहीत," त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, "पण आता येताना विचारून यावं लागेल." राजाने होकार दिला. मग त्याने मूकांजनाला बोलावलं आणि काठकौलाचा कारभारी नेमलं. काम एकच, ज्या काठाची ऐकायची पाळी असेल त्याला गप्प बसवायचं. मांत्रिकाला आयुष्यात पहिल्यांदा रास्त नोकरी मिळाली.

पश्चिमेला ढोल वाजू लागले. लवंगिका आपल्या शिडांच्या ढिगावर बसून हुंदके देत होती. हरल्याचं दुःख खरं असतं, ते तिने लपवलं नाही. शंखपाल पूल ओलांडून आला. त्याच्या कपाळावर गुलाल नव्हता.

"तुमचं झालं ना मनासारखं?" ती म्हणाली.

"झालं. आता तुझं सांग. मी मध्ये बोलणार नाही."

मग ती बोलली. सुताबद्दल बोलली, वरच्या राज्यातल्या कातणाऱ्या बायकांबद्दल बोलली, त्यांची नावं घेऊन बोलली. उद्या परक्यांसारखं त्यांच्या दारात उभं राहावं लागेल, याची लाज वाटते म्हणाली. आजोबांचं बोलले ते पाप होतं म्हणाली. ढोल थांबले, माणसं घरी गेली, तरी ती बोलतच होती, आणि शंखपाल ऐकत होता.

ती थांबल्यावर तो म्हणाला, "तुझं पुष्कळसं खरं आहे. तरी उद्या पुन्हा कौल झाला तर मी पश्चिमेलाच उभा राहीन, कारण..."

लवंगिकेचं उत्तर तयार होतं. चांगलं होतं, बिनतोड होतं. तिने ते बाजूला ठेवलं.

"कारण काय?" तिने विचारलं, आणि त्याचं सांगून होईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही.

शंखपालाला तिथे जसं पुरतं बोलता आलं, तसं तुम्हां-आम्हां सर्वांना येवो, आणि ही कथा सांगणाऱ्याला कुणी मध्येच न तोडो.