ओटीवरचा समुद्र

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. तिथं नरहर कुबल राहायचा, त्याची बायको तारामती राहायची, आणि त्यांच्या ओटीवर एक समुद्र राहायचा. गावाच्या टोकाला, लाटा जिथं दाराशी येऊन परत जातात, तिथं गुलाबशा नावाचा म्हातारा फकीर राहायचा.

"बाबा, फूल मिटतं ते कशानं?"

नरहरनं झोपडीच्या दारातूनच विचारलं. चपला काढल्या नाहीत, बसला नाही.

फकीर आपली टोपी उन्हात वाळत घालत होता.

"कुठलं फूल?"

"समुद्रफूल. माझ्या पेटीतलं."

आता ही पेटी कसली, ते आधी सांगते.

नरहर बोटीवर खलाशी होता. तारामती मच्छीमाराची लेक. भरती कधी, ओहोटी कधी, ते तिच्या पायांना कळायचं. मग एक ताप आला आणि तेच पाय घेऊन गेला. बाई खाटेला खिळली. नरहरनं बोट सोडली आणि खाटेसमोर, ओटीवर, काचेची लांबलचक पेटी मांडली. तू समुद्राकडे जाऊ शकत नाहीस ना, मग समुद्र तुझ्याकडे आणतो, म्हणाला.

पेटीत खारं पाणी, दगड, मऊ मऊ पोवळी. पांढऱ्या पट्ट्यांच्या नारिंगी माशांचं एक जोडपं. आणि मधोमध ते फूल. झाडाचं नव्हे, जिवंत. त्याला बोटं होती. झोपेत कुणी हात फिरवावा तशी ती हलायची, आणि मासे त्याच्या कुशीत निजायचे.

दुपारचं ऊन पेटीतून आरपार गेलं की आढ्याला लाटा लागायच्या. तारामती पडल्या पडल्या वर बघायची. तिला वाटायचं, आपण तळाशी निजलोय आणि वरून होड्या चालल्यात...

"हे फूल आहे तोवर मी आहे," ती एकदा म्हणाली.

हसत म्हणाली होती. पण नरहरच्या काळजात ते रुतलं.

आता फूल मुठीएवढं आक्रसलं होतं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. आणि तारामतीनं भिंतीकडे तोंड केलं होतं.

"पेटीत घालतोस काय?" फकिरानं विचारलं.

"समुद्र!" नरहरची मान ताठ झाली. "किनाऱ्याचं गढूळ नाही हं. पहाटे खडकांच्या पलीकडे जातो, कमरेएवढ्या पाण्यात. फडक्यातून गाळतो. पेटीतलं पाणी जेवढं उतरतं तेवढा समुद्र वर घालतो. थेंबाची भेसळ नाही."

"हे कुणी शिकवलं?"

"मला कोण शिकवणार? लांबलांबचे समुद्र या जिभेनं चाखलेत, बाबा."

"मग जिभेला विचारलंस का?"

नरहर चिडला. "मी मंतरलेलं पाणी मागायला आलोय. द्यायचं तर द्या."

"मंतर नाही रे माझ्याकडे. चल, तुझा समुद्र दाखव."

निघताना फकिरानं तांब्या भरून घेतला. वर फडकं बांधलं.

वाटेत बायका सुकट वाळवत बसल्या होत्या. त्यातली एक ओरडली, "काय नरहरभाऊ, आज खांद्यावर कावड नाही? संपवलात वाटतं समुद्र!"

सगळ्या खिदळल्या. फकीरही हसला. नरहर नाही हसला.

तारामतीनं पावलं ऐकून मान वळवली. "बाबा, तुम्ही? बसा. यांनी तुम्हाला धड विचारलंही नसेल, ओढतच आणलं असेल."

फकीर पेटीपुढं उभा राहिला. काचेच्या काठाला पांढरी साय धरली होती. त्यानं बोटानं ती खरवडली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

मग तो खाटेकडे वळला.

"बाई, हा तुझ्याशी दिवसभर बोलतो काय?"

"काय बोलणार... वाळूवर किती धावायचीस गं तू, म्हणतात. आणि डोळे पुसतात. काल तेच, आज तेच, उद्याही तेच असेल."

"अहो, तिचं काय विचारताय?" नरहर मध्ये पडला. "फुलाचं बघा."

"फुलाचंच बघतोय... नरहरा, या पेटीतून रोज उडून काय जातं?"

"पाणी. दुसरं काय?"

"आणि काय उडून जात नाही?"

नरहरनं काठावरच्या पांढऱ्या सायीकडे बघितलं.



पेटीतलं हवा सोडणारं यंत्र गुळगुळ करत होतं. आढ्यावर लाटा हलत होत्या.

फकिरानं कोनाड्यातलं भांडं उचललं, पेटीतलं पाणी काढलं आणि अंगणात ओतून दिलं.

"बाबा! तो समुद्र आहे!"

फकिरानं तांब्यावरचं फडकं सोडलं.

"हे काय? गोडं पाणी? समुद्रात?" नरहरनं त्याचं मनगट धरलं. "मारून टाकाल हो सगळ्यांना!"

 फकिरानं हात सोडवून घेतला नाही.

खाटेवरून आवाज आला, "सोडा हो त्यांना. मरायचं तर ते तुमच्या हातूनही मरतंयच की."

नरहरची पकड सुटली. तांब्यातलं पाणी धार धरून पेटीत उतरलं. नरहरनं ते बघितलं. मग पेटीत बोट बुडवून जिभेला लावलं...

असा खारट समुद्र त्यानं कुठंच चाखला नव्हता.

तो खाली बसला. आणि त्यानं चपला काढल्या.

"रोज थोडं काढ, थोडं घाल," फकीर म्हणाला. "घाई करू नकोस. जिभेला समुद्राची चव आली की काढणं थांबव. मग जेवढं उडेल, तेवढंच गोडं. मीठ उडून जात नाही."

"कुठून आणू?"

"माझ्या दाराशी ये."

फकिराच्या दाराखाली वाळूत एक झरा होता. भरतीला समुद्र त्यावरून जायचा, त्याला बुडवायचा. ओहोटीला वाळू हातानं बाजूला केली की खालून गोडं पाणी वर यायचं. नरहर आजवर खाऱ्या पाण्याची कावड घेऊन रोज त्याच्यावरूनच जात आला होता.

पण झऱ्याला घाई चालत नाही. ओहोटी होईपर्यंत थांबावं लागतं. नरहर थांबू लागला. फकीर बोलायचा नाही. मग नरहर नुसतं बघायचा. पाणी मागं सरताना वाळू कशी चमकते, कुर्ल्या बिळातून कशा डोकावतात...

एकदा तांब्या घेऊन तो घरी आला. रोजच्यासारखा खाटेशी बसला. रोजचंच वाक्य ओठांवर आलं.

तो थांबला.

"अगं, आज एका कुर्लीनं माझी विडी पळवली."

तारामतीनं मान वळवली नाही. पण थोड्या वेळानं भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पेटलेली की विझलेली?"

"पेटलेली!"

"मग बिळातून धूर येत असेल."

आणि ती हसली. किती दिवसांनी त्या ओटीवर कुणी हसलं होतं.

फूल एकदम नाही उमललं. एक बोट बाहेर आलं, मग दुसरं. मासे परत त्याच्या कुशीत गेले. तारामतीचं तोंड भिंतीकडून पेटीकडे आलं. मग तिनं पाठीशी उशी मागितली, आणि बसून बघू लागली.

तिलाच पहिल्यांदा दिसलं. फुलाच्या पायथ्याशी, दगडावर, केशरी दाण्यांचा एक ठिपका. माशांची अंडी. आणि बाप मासा पंखांनी त्यांना वारा घालत होता, हलेना की दमेना.

"अहो, या इकडे! घरात पाळणा हलला!"

तिची हाक सुकट वाळवणाऱ्या बायकांनी ऐकली, त्या हातातलं टाकून आल्या. पाय परत आले नाहीत, ते यावेत हा हट्टही तिनं सोडला. पण ओटी माणसांनी भरली. कुणी पोर मांडीवर देऊन जायची, कुणी गोष्ट ऐकायला यायची. मिटलेलं घर असं उघडलं. तसं तुमचं आमचंही उघडो.

अंडी दिसली त्या दिवशी नरहर वाळूतून अनवाणी धावत गेला. फकीर झऱ्याशी बसला होता.

"बाबा, खरं सांगा. या पाण्यात आहे तरी काय?"

फकिरानं वाळू बाजूला केली. ओंजळ भरली, उन्हात धरली.

"काहीच नाही, नरहरा... चाखून बघ."