भिंतीला सांगायचं नाव

"…मग सांगायचं तरी कसं, बाबा?"

हैबतीने सकाळपासून हेच चालवलं होतं.

गोधडीवाले बाबा तटाच्या सावलीत बसून आपल्या गोधडीला ठिगळ लावत होते. त्यांची सुई थांबली नाही.

तिवरकोटात माणूस गेला की घरच्या कुणीतरी तटाशी जाऊन त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, अशी रीत होती. त्याला 'भिंतीला सांगणं' म्हणत. तटाबाहेर नुसता खारा, विषारी वारा. जिच्या जिवावर सगळं गाव श्वास घेतं, त्या भिंतीला आपला माणूस गेल्याचं कळवायला नको? जोवर कळवलं नाही, तोवर त्या घरात चूल पेटत नसे आणि गेलेल्याची आई तोंडात घास घेत नसे.

मग वरचे आले.

वरच्या चंद्रावरून उतरलेली फौज, म्हणून वरचे. त्यांनी वेशीचा दरवाजा ताब्यात घेतला, तटावर सगळीकडे भोंगे बसवले आणि गल्लीगल्लीत कानगोळे सोडले. मुठीएवढे लोखंडी गोळे ते. हवेत तरंगायचे आणि ऐकायचे. फौजेने मारलेल्या कुणाचंही नाव कुणी उच्चारलं की कानगोळा लाल व्हायचा. मग उच्चारणाऱ्याचं अख्खं घर, तान्ह्या पोरासकट, दरवाजाबाहेर काढायचे. तोंडाला मुखवटासुद्धा द्यायचे नाहीत. बाहेर माणूस फार वेळ टिकत नाही.

हैबतीचा धाकटा भाऊ पाण्याच्या टाकीपाशी मारला गेला होता. प्रेतही हाती लागलं नव्हतं. त्याचं नाव आपणही आत्ता घेऊ नये.

"आई आता पाणीसुद्धा नको म्हणते," हैबती म्हणाला. "गिरजा वाटी तोंडाशी नेते, तर हात मारून सारते. माझ्याकडे बघते आणि विचारते, 'भिंतीला सांगितलंस?' काय सांगू मी तिला?"

"हळू बोल."

"हळू बोलून बोलूनच गावाचं वाटोळं झालं!"

हैबतीला आपल्या छातीचा भारी अभिमान. इतकी वर्षं बाबांच्या पायाशी बसलो, श्वास कोंडायला शिकलो, भीती जिंकली, असं तो चारचौघांत सांगायचा. ऐकणारे ऐकून घ्यायचे, कारण गडी अंगाने दांडगा होता.

"माझं ठरलंय," तो म्हणाला. "आज भर दुपारी चौकात उभा राहून ओरडणार. सगळ्या गावाला ऐकू गेलं पाहिजे. बाबांचा चेला कसा असतो, कळू दे त्यांना."

"घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"तुम्हाला ठाऊक नाही का? आई. गिरजा. पोर."

"पोर केवढं झालं?"

"रांगतंय."

बाबा ठिगळाला टाके घालत राहिले.

"बाबा, मी मरणाला भीत नाही."

"तू नाही भीत. ते रांगतंय त्याला विचारलंस?"

हैबती पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"खरं सांग," बाबा म्हणाले. "भिंतीला तुला भावाचं नाव सांगायचंय, की स्वतःचं?"

हैबतीचा चेहरा लालबुंद झाला. राग तर आलाच. पण रागाच्या खाली लाज होती, आणि ती त्याला सहन होईना.

"मग आईला तशीच मरू देऊ?" तो ओरडला. "तुम्हाला बोलायला काय जातंय! तुमचं ना घर, ना दार. बसा ठिगळं लावत!"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

बाबांची सुई थांबली होती.

"…खरंच की," ते म्हणाले. "ना घर, ना दार."

कुणीतरी फार दिवसांनी चांगली बातमी आणावी, तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी दाताने दोरा तोडला. गोधडी झटकली आणि हैबतीच्या खांद्यावर टाकली.

"घे. पोराच्या अंगाखाली होईल."

मग गुडघ्यांवर हात देत ते उठले आणि वेशीकडे चालू लागले.

वेशीवर मीठ खरवडायला बाहेर जाणाऱ्यांची रांग होती. प्रत्येकाने मुखवटा हातात धरून दरवाजातल्या यंत्राला आपलं नाव सांगायचं. जिवंत माणसांच्या यादीत ते नाव सापडलं की यंत्र वाट सोडायचं. नाही सापडलं, तर तेच नाव तटावरच्या सगळ्या भोंग्यांतून ओरडत सुटायचं, म्हणजे फौज धावून येईल. यंत्राला अक्कल नव्हती. सुरुवातीला एका दारुड्याने त्याला आपल्या कुत्र्याचं नाव सांगितलं होतं. अख्खं गाव पोट धरून हसलं. संध्याकाळी त्या दारुड्याला बाहेर काढलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

बाबा रांगेत जाऊन उभे राहिले.

हैबती लांबून बघत होता. म्हातारा वेशीवरच्या फौजेच्या सुभेदाराचे पाय धरणार, हेच त्याच्या मनात आलं. माझ्या आईसाठी भीक मागणार. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी सुभेदार हो म्हणाला तर बरं, असंही वाटून गेलं.

बाबांची पाळी आली.

"नाव?" शिपायाने विचारलं.

बाबांनी शिपायाकडे पाहिलं नाही, यंत्राकडेही नाही. ते तटाकडे तोंड करून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाले. इतक्या लांबून ते ऐकू आलं नाही.

"नागोजी!" वेशीवरचा भोंगा ओरडला.

भावाचं नाव ऐकताच हैबतीच्या खांद्यावरून गोधडी गळून पडली.

"नागोजी! नागोजी!"

वेशीजवळून पाण्याच्या टाकीकडे, टाकीकडून बाजाराकडे, तटाला वळसा घालत एकेक भोंगा ओरडत गेला. सुभेदार धावत आला. यंत्रावर बुक्क्या मारू लागला. यंत्र थांबेना. कानगोळे लालेलाल होऊन बाबांच्या डोक्यावर घिरट्या घालू लागले. फौजेला हाकलून द्यायला घर हवं होतं. घर नव्हतं.

बायाबापड्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मग हैबतीच्या गल्लीतून एक हंबरडा आला. आईचा आवाज त्याने ओळखला. इतके दिवस तिच्या गळ्यात अडकून राहिलेलं रडणं शेवटी सुटलं होतं. त्याचेही डोळे भरून वाहू लागले आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

दोन शिपायांनी बाबांच्या दंडांना धरलं होतं. दरवाजाची कड्याकुलपं निघत होती.

हैबती रांग मोडून धावला. एका शिपायाने बंदूक आडवी धरून त्याला अडवलं.

"बाबा… मघाशी मी जे बोललो…"

"जाऊ दे रे."

दरवाजा हातभर उघडला. खारा वारा आत घुसला आणि रांगेतल्या लोकांनी घाईघाईने मुखवटे चढवले. बाबांच्या तोंडावर काहीच नव्हतं. हैबती बंदुकीवर रेलला आणि त्याने आवाज अगदी खाली आणला.

"तुम्हाला सगळे बाबाच म्हणतात. तुमचं नाव कुणालाच ठाऊक नाही. उद्या मी भिंतीला काय सांगू?"

बाबांनी उंबऱ्यावरून मागे वळून पाहिलं.

"आत्ताच तर ऐकलंस."