पत्रिकेतला नवरदेव

गावात नेट नवीन नवीन आलं होतं तेव्हाची गोष्ट. लग्नपत्रिका छापायच्या एका दुकानात जुना कम्प्युटर होता. मालक उद्धवशेठनी नवा लॅपटॉप आणला आणि म्हणाले, "जुना संध्याकाळी भंगारात."

लॅपटॉप म्हणाला, "आजोबा, तुमच्यावर एका वेळी एकच माणूस टाइप करतो. माझी फाइल नेटवर असते. लिंक पाठवली की अख्खी भावकी एकदम लिहिते."

"भावकीला कशाला लिहू द्यायचं?" जुन्यानं विचारलं.

"तुम्हाला नाय कळायचं."

शेठनी सकाळी जुन्यावर टाइप केलेली पत्रिका लॅपटॉपवर घेतली आणि नवरदेवाच्या घरी लिंक पाठवली. मोठ्या काकांनी आपलं नाव सगळ्यात वर नेलं. धाकट्यांनी ते खाली ढकललं. मामा रुसले आणि दोघांच्या मधे घुसले. आत्यानं सगळी नातवंडं टाकली. जागा पुरेना, म्हणून कुणीतरी नवरदेवाला काढलं.

छापायच्या आधी शेठनी पत्रिका वाचली. मग गपचूप जुना कम्प्युटर चालू केला. तो चालू होईपर्यंत चहा पिऊन झाला. आत सकाळची पत्रिका तशीच होती, नवरदेवासकट. तीच छापली. भंगारवाला आला, त्याला शेठनी हात हलवत परत पाठवलं.

लॅपटॉपनं हळूच विचारलं, "आजोबा, तुमची लिंक नसते का?"

"नाय रे. माझ्यात घुसायचं तर शेठच्या समोरून यावं लागतं."

लग्न झालं. नवरदेव आला होता. मामा नाय आले.