लोडावरची वेलबुट्टी

संस्थानचा जुना राजवाडा बघायला दोन्ही मुलांना घेऊन आल्यापासून रेणुकाचा जीव टांगणीला लागला होता. मल्हार सहा वर्षांचा, कबीर चारचा आणि जिकडे तिकडे 'हात लावू नये'च्या पाट्या! मल्हारचं नाक पुसायला ती क्षणभर वाकली, तेवढ्यात कबीर राणीसाहेबांच्या गादीवर चढून जरीच्या लोडाला टेकलासुद्धा.

"ए पोरा! ऊठ आधी!" फेटा सावरत रखवालदार कुरणे धावत आले. "साठ वर्षांत या लोडाला माणसाचं अंग लागलेलं नाही! आता मोठे साहेब येईपर्यंत तिघांनी इथेच बसायचं." आणि त्यांनी दालनाचं दार लावून घेतलं.

रेणुकाने घड्याळ पाहिलं. गावची शेवटची एसटी पंधरा मिनिटांत सुटणार होती. कबीरने भोकाड पसरलं, मल्हार तिला घट्ट बिलगला. तिने हात जोडले, दहा वेळा माफी मागितली. कुरणे आणखीच फुगले.

"काय सांगायचं ते साहेबांना सांगा!"

रेणुकाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग लोडाकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

"बरं, येऊ द्या साहेबांना," ती म्हणाली. "तोवर तुम्ही फक्त तोंड धुऊ नका."

"का?"

"लोडाला साठ वर्षांत कुणी टेकलं नाही, तर त्याच्यावरची ही वेलबुट्टी तुमच्या उजव्या गालावर कशी उमटली, ते त्यांनाही बघू द्या की!"

कुरण्यांनी एका हाताने गाल झाकला आणि दुसऱ्या हाताने दार सताड उघडलं.