गुरुजींना न येणारं वाक्य

"…पण समोरचा माणूस बोललाच नाही, तर? नुसताच उभा राहिला, तर तो कोण, हे ओळखायचं कसं?"

देवणीकर गुरुजींनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. शाळेत एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली की त्यांचा हात छडीकडे जात असे. इथे मठाच्या ओसरीवर छडी नव्हती, आणि असती तरी ती कुठे ठेवलीय हे त्यांना दिसलं नसतं.

गोदाक्का तुरीच्या शेंगा सोलत होत्या. "विचारायचं," त्या म्हणाल्या. "कोण हाय म्हणून."

"विचारणं सोडून दुसरं काही सांगा."

"कामून?"



गुरुजींचं दुखणं असं होतं. काचबिंदूने त्यांची बाजूची नजर कधीच खाल्ली होती आणि मधली धुरकट होत चालली होती. गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलत्या एका मुलीने, रेवतीने, मनाने लग्न केलं, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. चार वर्षं झाली त्याला.

दोन महिन्यांपूर्वी, भर दुपारी, दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. मागे ऊन, म्हणून गुरुजींना दिसला तो नुसता काळा आकार. तो काही बोलेना. गुरुजींनी आपल्या हेडमास्तरी आवाजात विचारलं, "कोण पाहिजे?"

आकार थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि पायऱ्या उतरून निघून गेला.

संध्याकाळी शेजारीण म्हणाली, रेवती आली होती ना? रडत रडत स्टँडकडे गेली.

त्या दिवसापासून गुरुजींच्या घशाखाली घास धड उतरला नाही. एक फोन केला असता तर भागलं असतं. पण फोनवर सांगायचं काय? पोरी, मी तुला हाकललं नाही, मला तू दिसलीच नाहीस, हेच ना? ते त्यांच्याने होईना. गाव म्हणू लागलं, मास्तराचं काळीज दगडाचं आहे. गुरुजींनी म्हणू दिलं. कठोर म्हटलेलं त्यांना चालत होतं, आंधळा म्हटलेलं नको होतं. माणूस शिकला म्हणून शहाणा होतो असं थोडंच आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी या मठाचं नाव सांगितलं. गुरुजी रिक्षाने आले, तेही कुणी बघू नये म्हणून अलीकडच्या वळणावरच उतरून.

मठ बाजारतळाच्या मागे. दर सोमवारी बाजाराच्या जीपगाड्यांतून आठ-दहा माणसं इथे येत. कुणाची नजर गेलेली, कुणाची जाऊ लागलेली. गाड्या परत निघेपर्यंत ओसरीवर बसायची. मधोमध गोदाक्का. त्यांचे डोळे ऐन तिशीत गेले, त्यालाही आता चाळीस वर्षं झाली. त्या प्रवचन करत नसत, मंत्र देत नसत. सगळ्यांना चहा मात्र असे, आणि एक रीत असे. प्रत्येकाने आठवड्यातली आपली एक चूक घेऊन यायचं.

त्या सोमवारी कौसाबाईंनी सांगितलं की देवळातून येताना त्यांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात पुजाऱ्याची. सगळे हसले. मग कुणीतरी म्हणालं, चपलेच्या अंगठ्याला दोरा बांधत जा, हाताला लगेच लागतो. इस्माईलचाचांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सोयाबीनच्या पोत्याला सरपंच समजून अर्धा तास गाऱ्हाणं सांगितलं होतं. पण पोत्याने मधे एकदाही तोडलं नाही, असं वर त्यांचंच म्हणणं.

गुरुजींना हा सगळा पोरकटपणा वाटला. आपण रोगावर उपाय विचारायला आलो आणि ही माणसं खिदळत बसलीत.

"तुमची चूक काय, गुरुजी?" अक्कांनी विचारलं.

"माझ्या हातून चुका होत नाहीत."

"एक तर आत्ताच झाली की. आल्या आल्या तुम्ही मुक्याने हात जोडले, आन् आम्ही कुणी जोडले नाहीत म्हणून रुसून बसलात. चाचाला अजून थोडं दिसतं, त्यानं सांगितलं मला."

ओसरी पुन्हा हसली. त्या हसण्यात कसलंही विष नव्हतं, पण तीस वर्षं ज्यांच्यासमोर कुणी हसलं नव्हतं त्यांना ते कसं कळावं? गुरुजी ताडकन उठले. भिंत चाचपत दाराकडे निघाले.

गोदाक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या उठल्या. चाळीस वर्षांच्या सरावाच्या पावलांनी गुरुजींच्या आधी दारापाशी पोचल्या आणि चौकटीत उभ्या राहिल्या.

गुरुजी थबकले. दारात ऊन, आणि उन्हात काळा आकार.

"कोण आहे?"

आकार बोलला नाही.

"कोण… कोण पाहिजे?"

स्वतःच्या तोंडचे ते दोन शब्द कानावर पडले आणि गुरुजींनी चौकट धरली. सगळ्या ओसरीला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"इथपर्यंत येतंय तुम्हाला," अक्का हळूच म्हणाल्या. "आता म्होरलं वाक्य बोला."

"कुठलं?"

आतून कौसाबाईंचा आवाज आला, "मला दिसत नाही." मग इस्माईलचाचा म्हणाले, "मला नीट दिसत नाही, भाऊ, तुमचं नाव सांगा." मग तिसरा, मग चौथा. कुणी रडवेल्या सुरात म्हणेना की ठासून म्हणेना. दिवसातून दहा वेळा म्हणून गुळगुळीत झालेलं वाक्य होतं ते.

गुरुजींनी तोंड उघडलं. "मला…"

पुढे जमेना. ज्यांनी हजारभर पोरांकडून पाढे घोकून घेतले, त्यांना तीन शब्दांचं वाक्य येत नव्हतं.

"मला…"

कुणी घाई केली नाही. बाहेर बाजारात कांद्याचा भाव ओरडणारा ओरडत होता.

"मला दिसत नाही," गुरुजी म्हणाले.

आणि ते तिथेच उंबऱ्यावर बसले. मग रेवतीचं सगळं सांगून टाकलं, दारातल्या काळ्या आकारापासून शेजारणीच्या बोलण्यापर्यंत. या चुकीला कुणी हसलं नाही. कौसाबाई सरकत सरकत आल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या की सासरहून आलेल्या त्यांच्या सख्ख्या बहिणीला त्यांनी भाजीवाली समजून दारातूनच परत पाठवलं होतं. बहीण वर्षभर बोलली नव्हती.

"मग?" गुरुजींनी विचारलं.

"मग काय, एक दिस सांगितलं. आता तीच मला डोळ्यांत औषध घालायला येते."

गुरुजींना एवढं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. आपल्यासारखंच दुसऱ्याचंही चुकलं होतं, आणि तो माणूस आज चहा पीत बसला होता. एवढ्यानेच त्यांच्या छातीवरचं ओझं निम्मं झालं.

अक्कांनी कमरेच्या पिशवीतून साधा बटणांचा फोन काढला. पाचच्या बटणावरचा बारीक उंचवटा अंगठ्याने शोधला आणि म्हणाल्या, "नंबर सांगा."

"मी नंतर करीन. घरी जाऊन."

अक्का अंगठा पाचवर तसाच ठेवून बसल्या…

गुरुजींनी नंबर सांगितला. चार वर्षांत कधी फिरवला नव्हता, पण तोंडपाठ होता.

फोन घेऊन ते अंगणातल्या लिंबाखाली गेले. ओसरीवरून पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं, तेच तीन शब्दांचं, आणि या वेळी ते अडखळलं नाही. पुढचं बोलणं बाजाराच्या गलक्यात बुडालं. कौसाबाईंनी चहा पुन्हा चुलीवर चढवला. इस्माईलचाचा उगाच खोकत राहिले. जीपवाल्याने हॉर्न दिला तरी कुणी उठलं नाही.

बऱ्याच वेळाने गुरुजी आले. येताना भिंतीला हात न लावता, "कौसाबाई, कुठे बसू?" असं मोठ्याने विचारत आले. त्यांचा चेहरा ओला होता आणि तो पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं. रविवारी रेवती येणार होती, नवऱ्याला घेऊन. इतके दिवस एकटे कसे राहिलात म्हणून ती बापाला बरंच बोलली होती, आणि ती बोलणी सांगताना गुरुजींचा आवाज बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला होता.

चहा संपल्यावर मात्र ते विचारात पडले. हेडमास्तरकी अशी एका दुपारीत थोडीच सुटते?

"अक्का, एक कळलं नाही."

"काय?"

"दिसत नाही म्हटल्यावर ती रडली, ते बरोबर आहे. पण मग हसली हो. 'म्हणजे तुम्हाला दिसलंच नव्हतं? खरंच दिसलं नव्हतं?' असं पुन्हा पुन्हा विचारत खुशाल हसत सुटली. बापाची नजर गेली हे ऐकून पोरीला एवढा आनंद कसा होतो?"

गोदाक्कांनी मघाची राहिलेली शेंग उचलली. दाणे काढले, टरफल बाजूला टाकलं.

"तुमची नुस्ती नजरच गेली, गुरुजी… तिचा तर बापच गेला होता."