गोजराबाईची चाळिशी

"नजर कमी होणं हा आजार नव्हे, वय आहे. वयावर आम्ही औषध देत नाही!" राजवैद्य नरहरशास्त्री म्हणाले.

"मग माझं मडकं द्या," गोजराबाई बुरडीण म्हणाली.

"मडकं आजारासाठी असतं. हा आजार नाही, आत्ताच ऐकलंस ना?" कारभारी त्र्यंबकपंत म्हणाले.

राजा रणधवलाचा नियमच तसा होता. साठीपर्यंत प्रत्येकाने औषधपाण्यासाठी आपल्या मडक्यात पैसे टाकायचे. साठीनंतर टाकणं बंद. मग राजवैद्य फुकट औषध देणार. त्यांच्याकडे ज्यावर इलाज नाही, त्यापुरतं मडकं उघडायचं. मडकी कारभाऱ्यांच्या कोठीत असत. आजवर एकही उघडलं नव्हतं.

साठी उलटलेल्या गोजराबाईला डोळ्यांना लावायला चाळिशी हवी होती. बांबू सोलताना सुरी आता बोटांवरच चालायची. टोपल्या थांबल्या, तशी चूलही थांबली. ती थेट दरबारात गेली आणि राजाकडे मडकं मागितलं.

राजा हट्टाला पेटला. "आमच्या वैद्यांकडे इलाज नाही असा आजारच नाही! एक तरी दाखव आणि मडकं घेऊन जा. नाही दाखवलास, तर मडकं खजिन्यात जमा!"

गोजराबाईने बोटावरची चिंधी घट्ट केली.

"दाखवते, महाराज. रोगी इथंच बसलाय. हे कारभारीसाहेब!"

"मला काय धाड भरलीय?" पंत ओरडले.

"तुमच्या हाताला झालंय. घेताना बरा उघडतो. द्यायची वेळ आली की मूठ अशी आवळते, की काही केल्या सुटत नाही. शास्त्रीबुवा, आहे का औषध?"

"आमच्याकडे सगळ्यावर..." शास्त्रीबुवांनी सुरुवात केली.

"असेल तर आत्ताच द्या. पंतांची साठी झालीय, फुकटच आहे. हात सुटला की माझं मडकं मिळेल. नसेल तर तसं सांगा. महाराजांना हवा तो आजार सापडला, मडकं तरीही मिळेल!"

शास्त्रीबुवा नाडी बघायला पुढे झाले. पंतांनी हात शेल्याखाली लपवला.

"बघा! दाखवायलासुद्धा निघत नाही!" गोजराबाई म्हणाली.

राजाला आधी खोकला आला. मग हसू आलं, आणि ते इतकं वाढलं की भालदारांनी पाणी आणलं.

"गोजराबाई, मडकं तुझं! चाळिशी आमच्याकडून!" राजा डोळे पुसत म्हणाला. "आणि पंत, कोठीची किल्ली काढा. आजपासून ती या बाईंच्या कमरेला राहील."